बनाबाईची तीन पायांची हरणी

नवऱ्याला कॅन्सर झाला तेव्हा बनाबाईनं त्याला काढ्यावर झोपवून ठेवला, आणि कुत्रीला झाला तेव्हा म्हैस विकून केमो दिला, अशी बातमी गेल्या वर्षी कसबा बावड्यातल्या एका गल्लीत उठली. उठली म्हणजे आक्काच्या गिरणीतून उठली. त्या गल्लीतल्या बातम्या एक तर गिरणीतच जन्माला येतात, नाहीतर जाडीभरडी आत जाऊन बारीक होऊन बाहेर पडतात. आक्का जात्याच्या तोंडाशी उभी, केसांवर पिठाचा थर, भुवया पांढऱ्या, आणि गिरणीच्या आवाजावर मात करायची सवय असल्यामुळं कानात सांगायची गोष्टसुद्धा ती चौकापर्यंत ऐकू जाईल अशी सांगते.

आठवड्याभरात बातमीला फाटे फुटले. कुणी म्हणालं दोन म्हशी विकल्या. कुणी म्हणालं कुत्री दवाखान्यात एसीत आणि ज्ञानू बिचारा पत्र्याखाली उकडून मेला. ज्ञानू पत्र्याखाली होता हे खरं. पण सांगणारीही पत्र्याखालीच राहत होती, आणि ती काही मेली नव्हती. एकीनं तर कहरच केला. कुत्रीच्या अंगात ज्ञानूचं बनियन तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणे. हे मात्र अगदी खरं होतं.

बनाबाई मूळची आजऱ्याकडची. अंगानं थोराड, साठी उलटली तरी चाऱ्याचा भारा एका दमात डोक्यावर घेणारी, आणि तोंडानं अशी की दोन गल्ल्या पलीकडची म्हैस तिच्या हाकेला मान वर करते. दोन म्हशी आणि वीस-बावीस घरांचा रतीब, हा तिचा संसार. तिच्या दुधाबद्दल तक्रार करायची सोय नव्हती. एकदा एका नव्या भाडेकरणीनं "मावशी, दूध जरा पातळ वाटतंय" असं म्हणून पाहिलं. बनाबाईनं माप तिथंच खाली ठेवलं. "पाणी घालायचं असंल तर तुमच्या घरात घाला की. नळ तुमचाच हाय." भाडेकरीण वर्षभरानं घर सोडून गेली, पण दुसरीकडं दूध घ्यायची छाती तिला शेवटपर्यंत झाली नाही.

नवरा ज्ञानू साखर कारखान्यात गव्हाणीवर होता. उसाच्या मोळ्या आत सारण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, ज्ञानू कुत्र्याला लागला. कारवानी जातीचं पिल्लू आणलं, वीतभर तोंड, काठीसारखे पाय, पोट पाठीला लागलेलं. नाव हरणी. गावोगावच्या यात्रांत कुत्र्यांच्या शर्यती असतात, तिथं हरणी दोन वर्षं अशी पळाली की ज्ञानूच्या घराच्या पुढल्या सोप्यात ढाली लावायला खिळे कमी पडले. तिला सकाळी दोन अंडी, संध्याकाळी म्हशीचं निरसं दूध. बनाबाई तिला सवत म्हणायची. "सवत असती तर भांडी तरी घासली असती," असंही म्हणायची. ज्ञानू हसायचा आणि हरणीच्या मानेला तेल चोळत बसायचा. बायकोला उभ्या जन्मात त्यानं कधी तेल लावलं नव्हतं, हे बनाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मग ज्ञानूचं पोट दुखायला लागलं. एकुलता मुलगा विश्वजित आणि धाकटा दीर अण्णासो, दोघांनी त्याला दवाखान्यात नेलं, दोन-चार तपासण्या केल्या आणि परत आणलं. घरात सांगण्यात आलं, अल्सर आहे. तिखट बंद. जन्मभर कांदा-लसणाच्या चटणीवर जगलेल्या माणसाला बनाबाई मऊ भात भरवायला लागली. अण्णासोनं कुठल्याशा डोंगराकडचा काढा आणला, तो ती दोन वेळा उकळायची. चार महिन्यांत ज्ञानू अंथरुणाच्या वळकटीएवढा झाला आणि माघात गेला.

हरणी दावणीलाच राहिली. विश्वजित म्हणाला, "इकून टाकू." शर्यतवाले दारात येऊन दातबीत बघून गेले. बनाबाई नको म्हणाली. का म्हणाली हे तिलाही सांगता आलं नसतं. सकाळी दूध घालायला निघाली की कुत्री मागून यायची, आणि एवढी माणसं असलेल्या गल्लीत मागून येणारं तेवढंच होतं.

दिवाळीनंतर हरणी पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. अण्णासो आला, पाय चाचपला, आणि न शिकलेल्या माणसाला जेवढी खात्री असते तेवढ्या खात्रीनं म्हणाला, "वैनी, शिर आखडलीया. डाग द्या." लंगडणाऱ्या जनावराला तापल्या सळईनं डागायचं, ही आपल्याकडची जुनी वैद्यकी. बैलाला दिला, म्हशीला दिला, मग कुत्रीला का नाही? बनाबाईनं स्वतः हरणीचं तोंड मांडीत दाबून धरलं. मनगटाच्या वर दोन रेघा उठल्या. कातडं भरून आलं, पण खालची सूज लिंबाएवढी होती ती पेरूएवढी झाली. तीन आठवडे असे गेले. पुढं डॉक्टरिणीनं त्या रेघांवरून बोट फिरवलं, तेव्हा बनाबाईला शिवी खाल्ल्यासारखं झालं.

ही डॉक्टरीण म्हणजे उचगावची डॉ. संयोगिता. जनावरांचा दवाखाना, दोन खोल्या, बाहेर सिमेंटचा कट्टा. बनाबाई रिक्षातून कुत्री घेऊन गेली. रिक्षावाला आधी नाही म्हणाला, मग बनाबाईचं तोंड बघून व्हय म्हणाला. फोटो काढले, हाडाचा कणभर तुकडा तपासायला पुण्याला गेला. रिपोर्ट यायच्या दिवशी विश्वजित मोटारसायकलवरून आला. शिकलेला माणूस बरोबर असला की डॉक्टर त्याच्याशीच बोलतात. संयोगितानं त्याला फोटो दाखवायला टेबलापलीकडं बोलावलं, आणि विश्वजितनं हळूच मान हलवली. आईकडं डोळ्यानं खुणावून, नको अशी.

बनाबाईनं ते पाहिलं.

"बाई, हिकडं बगा. कुत्री कुणाची?"

"तुमची, काकी."

"मग त्येच्या कानात काय सांगताय?"

"आई, काय न्हाय," विश्वजित म्हणाला. "हाडाला सूज हाय. गोळ्या देत्यात."

"तू गप बस. तुझं ऐकून झालंय माझं."

विश्वजित गप बसला. इतक्या लगेच गप बसला की संयोगितानं एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"काकी, कॅन्सर आहे. हाडाचा."

"काय म्हणत्यात त्येला? समदं नाव सांगा. आणि लिवून द्या, मराठीत."

डॉक्टरिणीनं चिठ्ठीच्या पाठीवर मराठीत नाव लिहिलं. बनाबाईनं एकेक अक्षर लावून वाचलं, कागदाची घडी कमरेच्या पिशवीत घातली, आणि कट्ट्यावर बसल्यासारखी त्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"आता सांगा. काय केलं न्हाय तर?"

"तीन-चार महिने. पण फार दुखेल. हाड कधी पण मोडेल."

"आणि केलं तर?"

"पाय खांद्यापासून काढायचा. मग औषध, सलाइनमधून, दर तीन आठवड्यांनी, चार वेळा. वर्षभर मिळेल. जास्त पण मिळेल, कमी पण. मी खात्री नाही देत, काकी."

"खात्री कोण मागतंय? खरं सांगिटलं, लई झालं."

बाहेर आल्यावर विश्वजित म्हणाला, "आई, कुत्रं हाय ते." ती म्हणाली, "म्हाईत हाय मला." आणि रिक्षात बसली.

दोन म्हशींतली तरणी म्हैस उचगावच्या गुंडू गवळ्यानं नेली. जाताना म्हैस अडली, मागं बघून ओरडली. बनाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, शेपूट एकदा हातातून सोडून दिलं आणि आत जाऊन उरलेल्या म्हशीची वैरण टाकली. तिकडं गिरणीत एकीच्या दोन म्हशी झाल्या होत्या.

ऑपरेशनला मिरजेहून सर्जन आला. बनाबाई सकाळपासून कट्ट्यावर. सही करायच्या कागदावर इंग्रजी होतं. तिनं संयोगिताकडून प्रत्येक ओळ मराठीत करून घेतली आणि मगच अंगठ्याएवढ्या अक्षरात सही केली. सर्जन घड्याळ बघत उभा. बघू दे की, ती म्हणाली, घड्याळ त्याचंच आहे.

हरणी घरी आली ती तीन पायांवर, खांद्याच्या जागी टाक्यांची शिवण, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. गल्लीतली पोरं तिला लाऊडस्पीकर म्हणायला लागली. शहाबादी फरशीवर तिचे पाय चारी दिशांना, म्हणजे आता तीन दिशांना, जायचे. बनाबाईनं साखरेची रिकामी पोती उसवून सोपाभर अंथरली. जखमेवर माशी बसू नये, चाटू नये म्हणून अंगात काहीतरी घालायला हवं होतं. ट्रंकेत ज्ञानूची दोन बनियनं होती. माणूस गेल्यावर कपडे देऊन टाकतात, ही दोन तिनं ठेवली होती. बाही कापून तिनं एक हरणीला घातलं. अगदी मापात बसलं. शेवटी शेवटी ज्ञानू तेवढाच राहिला होता.

पहिल्या दिवशी कुत्री उठायला गेली आणि तोंडावर आदळली. परत उठली, परत आदळली. मग जिथं पाय नव्हता तिथं हवेत तोंड नेऊन चाटायला बघायची आणि नरसाळं भिंतीला आपटायची. बनाबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"हरणे, ऐक. तुला कॅन्सर झालता. फुडचा डावा पाय खांद्यापासनं काढलाय. त्यो आता येत न्हाय, हुडकू नगंस. धा-पंधरा दिस दुखंल. मग औषध हाय, त्यानं उलट्या हुतील. फुडचं डॉक्टरिणीलाबी म्हाईत न्हाय आणि मलाबी न्हाय. जेवढं म्हाईत हाय तेवढं सांगिटलं बग. एक अक्षर राखून ठेवलं न्हाय."

कुत्रीनं कान हलवला. तिला काय कळलं असेल ते असो, पण हे सगळं खिडकीतून आक्काच्या सुनेनं ऐकलं, आणि बनाबाईला वेड लागलंय ही पुरवणी त्याच दिवशी गिरणीतून निघाली.

पुढं बनाबाईनं पोटाखालून टॉवेलाची झोळी घालून तिला दिवसातून चारदा अंगणात नेलं. पाचव्या दिवशी झोळी सैल पडली. कुत्री आपल्या बळावर उभी होती, थरथरत, पण उभी. दहाव्या दिवशी तिनं तीन उड्या मारल्या. टाके निघाल्यावर आठवड्यानं गल्लीच्या टोकाला एक मांजर दिसलं आणि हरणी सुटली. सगळं अंग एका बाजूला टाकत, पडेल पडेल वाटत, आणि न पडता. मांजर भिंतीवर चढलं. बनाबाई दारात दुधाचं माप घेऊन उभी होती. तिच्या तोंडून शिवी गेली, आणि ती आनंदाची होती हे ओळखायला तिच्याबरोबर चाळीस वर्षं काढलेला माणूस लागला असता.

ज्ञानूचे शर्यतवाले दोस्त बघायला आले. चहा पिऊन झाल्यावर एकजण म्हणाला, "बनाबाई, पळणाऱ्या कुत्रीला असं ठेवण्यापरास गोळी घातलेली बरी."

"तुमचा गुडघा कसा हाय, पावणं?" बनाबाईनं विचारलं. त्याचा गुडघा बदललेला होता. तो कपबशी ठेवून उठला.

केमो सुरू झाला. दर तीन आठवड्यांनी उचगाव, सलाइन, मग दोन-तीन दिवस कुत्री अन्नाकडं तोंड फिरवून. डॉक्टरिणीनं बजावलं होतं, औषधानंतर तीन दिवस तिची मूत-घाण हातमोजे घालून आवरा, म्हशीपासून लांब ठेवा, औषध विषारी असतं. बनाबाईनं हे कुणापासून लपवलं नाही; लपवायचं नाही असंच तिनं ठरवलं होतं. अंगणात निळे हातमोजे वाळत पडायचे. तिची चूक झाली असेल तर एवढीच. "विषारी" हा एकच शब्द आक्कानं उचलला, आणि दुसऱ्या डोसनंतर रतिबाची घरं गळायला लागली. कुणी म्हणालं पिशवीचं दूध बरं पडतं, कुणी म्हणालं डॉक्टरनं दूध बंद केलंय. ज्यांना काहीच सुचलं नाही त्यांनी दार उघडलं नाही.

"हातमोजे कुत्रीची घाण काढाय घालतो, म्हशीच्या सडाला लावत न्हाय," बनाबाई बंद दाराशी ओरडून सांगायची. आतून टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा. निम्मं दूध उरायला लागलं. तिनं ते विरजलं, ताक केलं, आणि शेवटी हरणीला पाजलं. आता रतिबाचं दूध कुत्री पीत होती, आणि बोलणाऱ्यांची आणखी सोय झाली.

अशात विश्वजित आणि सून अनुजा घरी आले. दोघं कदमवाडीला फ्लॅटमध्ये राहतात. विश्वजितनं बूट काढायच्या आधीच सुरुवात केली.

"आई, हे बास कर आता. लोक काय बोलत्यात ठावं हाय का? आप्पा आजारी हुतं तवा काय केलं न्हाय आणि कुत्र्याला..."

अनुजानं त्याच्याकडं पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"कोण म्हणतंय?" बनाबाईनं विचारलं.

"समदी म्हणत्यात."

"आणि तू काय सांगतोस समद्यास्नी?"

विश्वजित पोत्याचा सुटलेला दोरा पायानं सरळ करत राहिला.

"मला तुझं काय नको," बनाबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखा दोन गल्ल्यांचा नव्हता. "डॉक्टरिणीचं मी भागवलं. घरं गेली तर जाऊ देत. एकच कर. रईवारी दळण आणायला गिरणीत जातोस न्हवं? तितं सांग. जे हाय ते सांग. म्या सांगिटलं तर खोटं वाटंल लोकास्नी, स्वतःच्या अंगावरचं झटकती म्हणतील. तू सांगिटलंस तर खरं हुईल."

"सांगतो."

"कवा?"

"ह्या रईवारी."

तो रविवार गेला. दळणाचा डबा आला, पण विश्वजितचा चेहरा बघून तिनं विचारलं नाही. पुढचा गेला. त्याच्या पुढचा गेला. चौथा डोस झाला, छातीचा फोटो काढला, आणि संयोगिता म्हणाली, "काकी, आत्ता तरी फुफ्फुसं स्वच्छ आहेत." आत्ता तरी, हे तिनं मुद्दाम म्हटलं, आणि बनाबाईला ते फार आवडलं. ही एकटी बाई आपल्याशी पुरतं बोलते, असं तिला वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी बनाबाई विश्वजितबरोबर स्वतः गिरणीत गेली. मागं हरणी, अंगात धुतलेलं बनियन. गिरणीत चार-पाच बायका, बाकड्यावर अण्णासो पेपर घेऊन. आक्कानं कुत्रीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. पाय मोजलेसुद्धा असतील.

"बरी दिसती की गं," आक्का म्हणाली.

"बरी हाय."

"दवाखाना केल्यावर मानूस, आपलं, जनावर बरं हुतंया." आक्कानं पट्टा बंद केला. गिरणी थांबली की तिथं फार शांत वाटतं. "बने, राग मानू नगंस. समदी मागनं बोलत्यात, मी तोंडावर इचारतो. कुत्रीसाठनं म्हस इकलीस. ज्ञानूला का न्हाय न्हेलंस गं दवाखान्यात?"

बायका आपापल्या डब्यांत बघायला लागल्या. अण्णासोनं पेपर वर धरला. तो उलटा नव्हता, पण पान कालचं होतं.

बनाबाईनं आक्काकडं पाहिलंच नाही. तिनं विश्वजितकडं पाहिलं. हरणीसुद्धा तिच्या नजरेच्या रोखानं त्याच्याकडंच बघत होती. विश्वजितनं तोंड उघडलं. पिठाची धूळ खाली बसत होती. त्यानं एकदा अण्णासोच्या पेपराकडं पाहिलं.

"जाऊ दे की, आक्का," तो म्हणाला. "तवा आईला काय सुचलं न्हाय. ती तरी काय करनार?"

"बगा," आक्का म्हणाली, सगळ्यांना मिळून.

बनाबाई डब्याकडं वळली. तिच्या जिभेवर काय काय आलं असेल ते ज्यांनी तिची जीभ ऐकलीय त्यांना सांगायला नको. तिनं फक्त विचारलं, "माझं दळण झालं का?"

"झालं."

विश्वजित डबा उचलायला पुढं झाला. तिनं त्याचा हात बाजूला केला, डबा डोक्यावर घेतला आणि निघाली. गिरणीची पायरी उंच होती. हरणीनं एकच उडी मारली, उतरताना जरा झोकांडली, सावरली आणि तिच्या मागून गेली. आक्कानं पट्टा सुरू केला.

खरं असं आहे. ज्ञानूला जठराचा कॅन्सर होता. रिपोर्ट विश्वजितनं आणि अण्णासोनं वाचला. ऑपरेशन करता येईल असं डॉक्टर म्हणाले होते. दोघांनी नको असं ठरवलं. बाईमाणूस रडेल आणि पेशंटला कळेल, म्हणून बनाबाईला अल्सर सांगितला. ज्ञानूनं तिला तीनदा विचारलं, मला काय झालंय, आणि तिन्ही वेळा तिनं देवाची शपथ घेऊन अल्सर म्हणून सांगितलं. तेराव्यानंतर कपाट आवरताना तिला फाइल सापडली. ती इंग्रजीत होती. अनुजानं ती वाचून दाखवली, तेव्हा बनाबाईला कळलं.